रुमाल टाकलेली जागा

माझे वडील कराडहून कलकत्त्याला राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक होती, एक वळकटी होती आणि खिशात घडी घातलेला मोठा पांढरा रुमाल होता. वळकटी बघून मी हावडा स्टेशनावरच डोक्याला हात लावला. "अहो अण्णा, माझ्या घरी गाद्या नाहीत का?" ते म्हणाले, "असू दे. परक्या गावात आपलं अंथरूण आपल्याजवळ असावं." लेकीचं घर परक्या गावात जमा झालं, हे मला तेव्हाच टोचलं. पण गाडीतल्या दोन रात्रींनी त्यांचा चेहरा एवढासा झाला होता, म्हणून गप्प बसले. रुमालाकडे माझं लक्षही गेलं नाही.

आई दिवाळीच्या तोंडावर गेली. मी एकुलती एक. तेरावं झालं, माणसं पांगली, आणि मी अण्णांना म्हटलं, "चला माझ्याकडे. तुम्हांला साधा कुकर लावता येत नाही, इथे एकटे काय करणार?" ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात अण्णांचं 'बघू' म्हणजे 'नाही'. लहानपणी सहलीला जाऊ का विचारलं की बघू, सायकल हवी म्हटलं की बघू. तरी मी कलकत्त्याला परत आल्यावर रोज फोन करून त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी एक दिवस वैतागून म्हणाले, "येतो, पण फोन ठेव."

लोक म्हणाले, किती गं काळजी वडिलांची. काळजी होतीच, कोण नाही म्हणतंय? पण खरं सांगू का, मला माणूस हवं होतं. आमचे हे बँकेत. बदली होऊन इथे आलो त्याला दहा-बारा वर्षं झाली. सकाळी जातात ते रात्री जेवायलाच उगवतात, आणि रविवारी सोफा त्यांना सोडत नाही. लेक अकरावीत. मी मराठीत भांडायला गेले तर ती हिंदीत उत्तर देते आणि फारच चिडली तर बंगालीत, म्हणजे माझी बोलतीच बंद. शेजारणी चांगल्या आहेत, जीव लावतात. पण त्यांच्यापुढे मी अगदी शहाणी, गुणी बाई असते. मला हिंदीत तिरकस बोलताच येत नाही हो! मराठी मंडळातली माणसं गणपतीत भेटतात, आरतीला घसा फोडतात आणि पुन्हा आपापल्या ब्लॉकमध्ये गडप होतात. भर दुपारी घरात एकटी असले की शिट्टी करणाऱ्या कुकरला मी "पुरे की मेल्या" म्हणायची. दिवसभरातलं माझं मराठी तेवढंच.

अण्णा आले आणि मला भांडायला हक्काचं माणूस मिळालं. चहात साखर जास्त, आमटीत गूळ कमी, पंखा का लावलास, पंखा का बंद केलास. सकाळपासून आमचं सुरू व्हायचं. ह्यांना वाटायचं बाप-लेकीचं पटत नाही. डोंबल! इतकी वर्षं माझ्या जिभेला चढलेला गंज त्या भांडणांनी उतरत होता.

पण अण्णा घरात बसणाऱ्यातले नव्हते. सगळी नोकरी मोजणी खात्यात काढलेली. शेताच्या हद्दी मोजायला गावोगाव एसटीनं जायचे. निवृत्त झाल्यावरही आईला घेऊन आज औंध, उद्या पाली, परवा कुणाचं बारसं असं चालायचं. दोघांची एक पद्धत होती. गाडी स्टँडला लागायच्या आत अण्णा पुढे धावायचे, खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकायचे, आणि मग आई मागून पिशव्या सांभाळत, गर्दीकडे ढुंकूनही न बघता, राणीसारखी चालत यायची. जागा तिची झालेली असायची. आपल्याकडे एकदा रुमाल पडला की पडला. बाकी भांडणं होतील, पण टाकलेल्या रुमालाला हात लावायची कुणाची टाप नसते.

आमचं घर सॉल्ट लेकला. इथले रस्ते सगळे आखीव, ब्लॉकना इंग्रजी अक्षरं, चौकाचौकात गोल बाग आणि खुणेसाठी पाण्याच्या टाक्या. चार नंबर टाकी, आठ नंबर टाकी, असं सांगायचं. पहिल्याच आठवड्यात अण्णा दूध आणायला गेले आणि हरवले. दोन रस्ते पलीकडे एका बागेच्या कठड्यावर बसलेले सापडले. "सगळी वळणं मेली सारखीच," ते म्हणाले. "ज्यानं आखलं त्याला ओढा माहीत नाही, चढ माहीत नाही. माणसानं खूण धरायची कशाची?" तालुक्याच्या हद्दी ठरवलेला माणूस दूध घेऊन घर शोधत होता. मी हसले. ते हसले नाहीत.

म्हणून मी रविवारी सगळ्यांना बाहेर काढायला लागले. ह्यांना सोफ्यावरून उठवणं म्हणजे गोवर्धन उचलणं, पण उठवायची. इथली बस अण्णांना आधी फार आवडली. कंडक्टर पत्र्यावर थाप मारून "आस्ते, लेडीज!" असं ओरडतो, की बाई उतरतेय, गाडी नीट थांबव. पुरुषांसाठी गाडी नुसती हळू होते, त्यांनी उडी मारायची. अण्णा म्हणाले, "म्हणजे माझे पाय गेले तरी चालतील, तुझी टाच मुरगळायला नको." दरवाजात गर्दी झाली की कंडक्टर लोकांना मागच्या बाजूला पुढे सरका म्हणतो. ते अण्णांना मी समजावून सांगितलं तर म्हणाले, "मागे पुढे सरका? माणसानं जायचं कुठे?" आणि बसमध्ये चढलं की आमच्या कुटुंबाचे दोन तुकडे. मी आणि लेक डावीकडे बायकांच्या लांब बाकावर, हे आणि अण्णा मागे पुरुषांत. अण्णा मान उंच करून करून आम्ही आहोत ना ते बघत राहायचे. चाळीस वर्षं ते बायकोच्या शेजारी बसून फिरलेले. त्यांना हे पटेना.

मग एका रविवारी झालं ते झालं. आमच्या घराजवळच्या करुणामयी स्टँडवरून हावड्याची बस पकडायची होती. बस तिथूनच सुटते, म्हणजे रिकामी मिळते. बस लागली आणि मी ह्यांना काहीतरी सांगत होते तेवढ्यात अण्णा शेजारून गायब. बघते तर काय, धोतर सावरत धावतायत! गाडीजवळ गेले, खिडकीतून हात घातला, रुमाल टाकला आणि वर चढून रुमालाच्या शेजारी छाती काढून बसले. मी चढेपर्यंत मागून लोंढा आला, त्यात मी दारातच अडकले. आत बायका भरल्या. अण्णा बसले होते ते बायकांच्याच बाकावर. तशी पाटी होती डोक्यावर, पण बंगालीत.

"दादू, एटा लेडीज सीट," एक बाई म्हणाली, आजोबा ही बायकांची जागा. आवाजही गोड होता तिचा. अण्णांनी तिला हिंदीत ठणकावून सांगितलं, "हमने रुमाल डाला है." तिला काही कळेना. तिनं विचारलं, रुमाल कुणाचा, पडलाय का? अण्णा म्हणाले, "पडा नहीं, डाला है! लडकी के लिए!" बस हसायला लागली. वाईट कुणीच नव्हतं हसत, पण हसत होते. मग त्या बाईनं तो रुमाल दोन बोटांनी उचलला, झटकला, नीट घडी केली आणि अण्णांच्या हातात दिला. आणि कुणीतरी त्यांना दंडाला धरून, अगदी प्रेमानं, उठवलं.

अण्णा उठले, रुमाल खिशात घातला आणि गाडी चौकात हळू झाली तिथे उतरून गेले. आम्ही तिघं मागोमाग उतरलो. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता मला म्हणाले, "माझं परतीचं तिकीट काढ."

"अहो, एवढ्याशा गोष्टीवरून?"

"रुमाल उचलला तिनं," अण्णा म्हणाले. "आणि मला धरून उठवलं. मला आजवर कुणी धरून उठवलेलं नाही. तुझ्या या गावात मला दूध आणायला माणूस लागतो, बसमध्ये चढायला माणूस लागतो. मी काय गाठोडं आहे?"

मला रडू फुटलं. रागाचं होतं की कशाचं, मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती दुपार उभी राहिली, कुकर, पंखा आणि मी. मी म्हटलं, "थांबा जरा. तुम्हांला रस्ते माहीत नाहीत म्हणून असं वाटतं. मी शिकवते. एकट्याला हावड्यापर्यंत जाऊन येता यायला लागलं की मग गाठोडं कसलं? गुढीपाडव्यापर्यंत राहा. जमलं तर मग जायचं नाव काढायचं नाही."

अण्णा बराच वेळ रुमालाच्या घडीवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "बघू."

बघू! आणि मी खुळी ते 'हो' समजले. जन्मभर त्या शब्दाचा अर्थ पाठ असून.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. दुपारी लेक कॉलेजात, हे बँकेत, आणि आम्ही दोघं रस्त्यावर. आधी घराभोवतीचे रस्ते. खुणा धरायला त्यांना मी टाक्या शिकवल्या, पण त्यांनी स्वतःच्याच खुणा धरल्या. एक गेरूच्या रंगाचं घर, एक वाकडं कदंबाचं झाड, एक इस्त्रीवाला, त्याच्याशी त्यांची एकमेकांची भाषा न येताच मैत्री जमली. मग ऑटो. इथली ऑटो म्हणजे ठरल्या रस्त्यानं जाणारी, मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी एक, चौघं भरल्याशिवाय हलायची नाही. अण्णा हटकून पुढे बसायचे, अर्धे आत, अर्धे बाहेर. मी मागून ओरडायची, "अहो पडाल!" ते म्हणायचे, "पडलो तर तुला कळेल की, ओरडू नकोस." मग बस, पण आता मागच्या दारानं, पुरुषांच्या बाजूला. मी मुद्दाम लांब, बायकांच्या बाकावर बसायची आणि ते नीट उतरतात का बघायची.

सगळ्यात अवघड गेली ती मेट्रो. "जमिनीखाली मी येणार नाही," अण्णांनी जाहीर केलं. "आपल्यात मेल्यावर जाळतात. मग जिवंतपणी पुरून घ्यायचं कशाला?" हावड्याला जाणारी मेट्रो तर नदीच्याही खालून जाते, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. ते माझ्या लेकीनं सांगितलं, खदाखदा हसत. अण्णांनी त्या दिवशी जेवताना दोनदा विचारलं, "म्हणजे वर बोटी चालू असतात?" ती म्हणाली, "हो आजोबा, आणि मासेपण." मी तिला डोळे वटारले. मग मी त्यांना कार्ड काढून दिलं, दाराशी ते टेकवायचं कसं ते दाखवलं. पहिल्यांदा ते दोन्ही हातांनी धरून नमस्कार करावा तसं टेकवायचे. आम्ही फक्त वरून जाणाऱ्या स्टेशनांपर्यंत गेलो. जमिनीखाली गाडी शिरायच्या आधीच त्यांना उतरायचं असायचं.

त्या दुपारी माझ्या कलकत्त्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी होत्या. काय बोलायचो म्हणून सांगू! आई कशी चिडायची, कुठल्या गावच्या पाटलानं मोजणीच्या वेळी कशी नाटकं केली, मी लहानपणी एसटीत किती वेळा ओकले. एकदा तर बसच्या गर्दीत आम्ही दोघं दोन टोकांना आणि तिथून मोठमोठ्यानं मराठीत भांडतोय, पिशवी घरी कुणी विसरली यावरून. कुणाला काही कळत नव्हतं, सगळे आमच्याकडे बघत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की उतरूच नये असं झालं.

मग मी हळूहळू मागे राहायला लागले. आधी ते पुढच्या डब्यात, मी मागच्या. मग ते एका ऑटोत, मी मागून येणाऱ्या ऑटोत. एकदा मी डोक्यावरून ओढणी घेऊन, गुप्तहेरासारखी, त्यांच्या मागून अर्धा रस्ता चालले. घरी आल्यावर म्हणाले, "उद्यापासून मागून येऊ नकोस. तुझी चप्पल वाजते."

पाडवा जवळ आला. एका सकाळी अण्णा अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, केसांना तेल लावून तयार. "हावड्याला जाऊन येतो," म्हणाले, कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणावं तसं. मी म्हटलं, बसनं जाल ना? म्हणाले, "बघू कसं जायचं ते." फोन घ्या म्हटलं तर फोन ट्रंकेत. दार लावून गेले.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. भाजी करपली. गॅलरीत जायची, आत यायची, परत गॅलरीत. ह्यांना फोन केला तर हे म्हणाले, "तूच शिकवलंस ना? मग आता बस." बस काय बस! माणूस बँकेत बसून बोलतो. मी सगळे देव गोळा केले, कुलदैवतापासून इथल्या कालीमातेपर्यंत. म्हटलं, आज अण्णा सुखरूप आले तर कायमचे माझे. मी खरंच तसं म्हटलं. त्यांना हे जमलं की ते राहणार, माझी खात्रीच होती.

चहाच्या वेळेला बेल वाजली. अण्णा दारात उभे, घामानं थबथबलेले आणि चेहरा असा की लग्नात नवरदेवाचा नसेल. "नदीखालून गेलो!" त्यांनी दारातूनच सांगितलं. "काही कळतसुद्धा नाही गं! निळे दिवे लागतात, आणि तेवढ्यात हावडा. येताना म्हटलं बसनं येऊ. कंडक्टर माझ्यासाठी ओरडला, 'आस्ते, दादू आछे!' गाडी पूर्ण थांबवली माझ्यासाठी. पूर्ण!"

मी नाचायचीच बाकी राहिले. शिरा टाकला, तूप हात सोडून घातलं. त्यांनी दोन वाट्या खाल्ला, बशीतलं तूपसुद्धा पुसून. आई गेल्यापासून त्यांना असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. मी समोर बसून बडबडतेय, की आता उन्हाळ्यात दुपारी नको, सकाळी फिरायचं, आणि पावसाळ्यासाठी तुम्हांला बूट घेऊ. अण्णांनी हात धुतला, पुसला, सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

पुण्याचं तिकीट होतं. एकच. पाडव्यानंतरच्या चौथ्या दिवसाचं.

"हावड्याला रांगेत उभा राहून काढलं," ते म्हणाले, अजून त्याच कौतुकात. "हिंदीत बोललो. खालचा बर्थ मागितला, मिळाला."

माझ्या हातातला डाव मी ओट्यावर आपटला. काय काय बोलले मी, आठवलं तरी नको वाटतं. मी म्हटलं, हे ठरलं नव्हतं. जमलं तर राहायचं ठरलं होतं. मी काय तुम्हांला पळून जायला शिकवलं? उन्हातान्हाची तुमच्या मागे फिरले ती यासाठी?

"यासाठीच की," अण्णा शांतपणे म्हणाले. "हे बघ. तुझी आई होती तोवर मी कधी एकटा कुठे गेलोच नाही, नोकरीचे दिवस सोडले तर. ती गेली आणि मला भीती बसली. कराडात संध्याकाळी दिवा लावायचीसुद्धा भीती वाटायची. तुला फोनवर सांगितलं नाही. मला एकट्याला जमतंय का, हेच मला माहीत नव्हतं. आज कळलं. ज्या गावात मला पाटी वाचता येत नाही तिथे मी एकटा नदीखालून जाऊन आलो. मग माझ्या गावात माझ्या घरात का नाही राहता येणार?"

"आणि मी?" मी विचारलं. लहान पोरीसारखी. "मला इथे कोण आहे, अण्णा? मी कुणाशी बोलू?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं, हे मला त्या बघण्यातून कळलं. त्यांना वाटत होतं आपणच एकटे, लेक भरल्या घरात. म्हणाले, "तुला एवढी वर्षं झाली इथे. मला वाटलं तुला जमलं असेल."

तिकीट रद्द करा असं मात्र मी म्हटलं नाही. त्यांनी दोन वाट्या शिरा खाल्ला होता, ते सारखं दिसत होतं मला.

पाडव्याला गॅलरीत गुढी उभारली. काठी अण्णांनीच बांधली, मोजून मापून, सरळ. जायच्या दिवशी हे सुटी काढतो म्हणाले आणि ऐनवेळी बँकेत काहीतरी निघालं. लेकीची परीक्षा. ती सकाळी जाताना आजोबांच्या गळ्यात पडली आणि चांगली मोठ्यानं रडली, तेही मराठीत. मग आम्ही दोघंच निघालो. अण्णा म्हणाले, मेट्रोनं जाऊ. वळकटी इस्त्रीवाल्याला देऊन टाकली होती. ट्रंक दोघांनी दोन कड्यांना धरून नेली. नदीखालून जाताना त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि निळे दिवे दाखवले, जसं काही गाव त्यांचं आणि पाहुणी मी.

हावड्याला ही गर्दी! गाडी फलाटाला लागली, हमालानं ट्रंक उचलली, आणि मी पाण्याची बाटली घेतेय तोवर अण्णा पुढे. तेच ते धावणं, धोतर सावरत. मी मागून पिशव्या घेऊन डबा शोधत गेले. आत शिरले तर खिडकीशी अण्णा बसलेले. आणि त्यांच्या शेजारी, बर्थवर, पांढरा रुमाल पसरलेला.

"अहो, बर्थ तुमच्याच नावावर आहे," मी म्हटलं. "रुमाल कशाला?"

"गाडी सुटेपर्यंत तुला बसायला," ते म्हणाले.

मी रुमाल उचलला नाही, त्याच्यावरच बसले. गाडी सुटायला वेळ होता. आम्ही नेहमीसारखंच बोललो. गोळ्या कुठल्या कप्प्यात, धपाटे आधी खा, चटणी उद्या. समोरच्या माणसाला त्यांनी हिंदीत सांगितलं, ही माझी मुलगी, हिनं मला हे सगळं गाव शिकवलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. शिट्टी झाल्यावर मी उठले, वाकून पाया पडले. त्यांनी रुमाल झटकला, घडी घातली, खिशात ठेवला. मग दुसऱ्या खिशातून मेट्रोचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "हे ठेव. मला आता लागायचं नाही. आणि हे बघ, पोचलो की फोन करतो. रोज करीन. भांडायला काहीतरी काढून ठेवत जा." मी हो म्हटलं. खाली उतरले, गाडी हलली, खिडकी पुढे गेली. त्यांनी हात हलवला की नाही मला नीट दिसलं नाही, मध्ये माणसं होती.

येताना मी एकटीच जिना उतरले, खोल, खोल, अजून खोल. कार्ड टेकवलं. गाडी आली, दुपारची वेळ, बाक बराच रिकामा होता. मी बसले. गाडी नदीखाली शिरली, निळे दिवे गेले. पुढच्या स्टेशनांवर माणसं चढत गेली, डबा भरला. एक बाई माझ्यासमोर उभी राहिली, माझ्याच वयाची, हातात औषधांची पिशवी. ती माझ्या शेजारी बोट दाखवून काहीतरी विचारत होती. मला आधी कळेना. मग बघितलं तर माझ्या शेजारच्या जागेवर माझी पर्स ठेवलेली, आणि तिच्यावर माझा हात, घट्ट. कधी ठेवली मला आठवतही नव्हतं.

"केउ आछेन?" तिनं पुन्हा विचारलं. कुणी आहे का इथे?

मी पर्स उचलून मांडीवर घेतली. "नाही," मी मराठीतच म्हणाले, दुसरं काही तोंडात आलंच नाही. "कुणी नाही. बसा."

ती बसली.